आमचे इंग्रजीचे मास्तर

आमच्या शाळेत इंग्रजी शिकविणारे मास्तर गेल्या महिन्यात वारले. वय नव्वदीच्या पुढे गेले होते आणि अंथरुणाला खिळूनही वर्ष लोटले होते, तेव्हा मृत्यू अकाली आला असे कोणी म्हणणार नाही. ते आमच्या धर्मग्रामातील नव्हते, ख्रिस्तीही नव्हते. म्हणून या साप्ताहिकाच्या निधनवार्तांत त्यांचे नाव आले नाही. परंतु बेळगावातील आमचे जे वाचक आज साठी-सत्तरीत आहेत, त्यांपैकी पुष्कळांना इंग्रजी वाक्याची ओळख त्यांनीच करून दिली. ते गेल्याचे कळताच रविवारच्या मिस्सेनंतर दोघा-तिघांनी आम्हांस पायरीवर अडवून बजावले की, या खेपेस मास्तरांवर लिहिलेच पाहिजे. नाव मात्र आम्ही घालीत नाही. स्वतःचे नाव छापलेले पाहणे त्यांना कधीच मानवले नाही, आणि ज्यांना ओळखायचे ते पहिल्या चार ओळींतच ओळखतील.

शाळेत आम्ही त्यांना ‘सर’ म्हणत असू. गल्लीत मात्र लहानथोर सगळे ‘मास्तर’ म्हणत. येथे आम्हीही गल्लीचीच रीत पाळतो.

आमच्या पिढीची भाषेची परिस्थिती बेळगावबाहेरच्या वाचकांस थोडी सांगितली पाहिजे. घरात कोंकणी, शाळेत मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, कँपात गेले की हिंदी. आणि देवळात लॅटिन जाऊन लोकभाषा नुकतीच आली होती. इतक्या भाषा कानांवर पडत असताना इंग्रजीची भीती वाटण्याचे खरे म्हणजे काही कारण नव्हते. परंतु वाटे. शालान्त परीक्षेत बाकीचे विषय सुटत आणि इंग्रजीत पोरगे अडकून पडे. मग ऑक्टोबरची वारी, पुन्हा मार्चची वारी, आणि तिसऱ्या वारीस बाप त्याला कुठल्या तरी गॅरेजात नाही तर छापखान्यात चिकटवून देई. मुलगी असली तर तिला एवढीही संधी मिळत नसे. ज्या मुली पुढे परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या, त्यांतील कित्येकींची वाट या एका विषयाच्या पस्तीस गुणांतून गेली होती. मास्तर नापास मुलांचा वर्ग सकाळी साडेसहाला घेत. त्याची फी नव्हती. साडेसहाला म्हणजे साडेसहालाच. पाच मिनिटे उशिरा येणाऱ्याने दाराबाहेर उभे राहून ऐकावे, असा नियम होता, आणि बेळगावच्या पावसाळ्यातही तो सैल होत नसे.

त्यांच्या टेबलावर दोन पुस्तके कायम असत. एक तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि दुसरे रेन व मार्टिन यांचे व्याकरण. पहिल्याची पाने सुटून आली होती आणि ती दोऱ्याने बांधलेली असत. मध्यंतरी इंग्रजी शिकविण्याची नवी पद्धत आली. बंगळूरला १९६३ साली दक्षिण भारतासाठी इंग्रजीची प्रादेशिक संस्था निघाली आणि हायस्कुलांतील शिक्षकांना तेथे प्रशिक्षणासाठी बोलावू लागले. मास्तरही जाऊन आले. मातृभाषा शक्यतो टाळावी, वाक्याचे साचे मुलांच्या तोंडी बसवावेत, असा त्या पद्धतीचा कल होता. परत आल्यावर त्यांनी ती प्रामाणिकपणे वापरून पाहिली. तास सुरू झाला की पाच-सात मिनिटे सगळा वर्ग एका सुरात ‘धिस इज अ बुक, दॅट इज अ पेन’ म्हणे. मग मास्तर हात वर करून म्हणत, “झाले, तोंड धुवून झाले, आता जेवायला बसा.” आणि तर्खडकरांचा दोरा सोडीत.

त्यांचे जेवण म्हणजे भाषांतर. आम्हांस अजून वाटते की, इंग्रजी शिकविता शिकविता त्यांनी आम्हांस मराठीच अधिक शिकविली. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ कुठे घालावे हे मराठी मुलास काही केल्या उमगत नाही, कारण आपल्या भाषेत तशी उपपदे नाहीत. मास्तर नियम सांगत बसले नाहीत. त्यांनी विचारले, “आजी गोष्ट कशी सुरू करते?” एक होता राजा. “पुढच्या वाक्यात?” त्या राजाला दोन राण्या. “पहिल्यांदा ‘एक’ का आणि दुसऱ्यांदा ‘त्या’ का?” कारण पहिल्यांदा राजा कोण ते ठाऊक नव्हते, आता ठाऊक झाला. “मग हेच तुमचे ‘अ’ आणि हेच तुमचे ‘द’. आजीला येते, तुम्हांला येत नाही?” ते उत्तर अपुरे होते, हे पुढे कळले, नद्यांची आणि पर्वतांची नावे आली की आजीचा उपयोग होत नाही. परंतु भीती गेली ती गेलीच.

दुसरा धडा ‘हॅव’चा. आय हॅव अ ब्रदर, आय हॅव अ बुक, आय हॅव अ फीवर. मास्तर फळ्याच्या एका बाजूस हे लिहीत आणि दुसऱ्या बाजूस मराठी आमच्याकडून काढून घेत. मला भाऊ आहे. माझ्याजवळ पुस्तक आहे. मला ताप आला आहे. मग म्हणत, “पाहा, इंग्रज भाऊ, पुस्तक आणि ताप तिन्ही एकाच मुठीत धरतो. आपण भाऊ जवळ बाळगीत नाही. तो आपल्याला असतो. ताप तर पाहुण्यासारखा येतो.” इंग्रजी वाईट आणि मराठी चांगली असे त्यांना सुचवायचे नसे. उलट दुसऱ्या दिवशी इंग्रजीची एखादी अशी सोय दाखवीत की, मराठीला ती का नाही याचे वाईट वाटावे.

सर्वांत आठवतो तो ‘वुई’चा तास. मराठीत त्या एका शब्दाला दोन शब्द आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ज्याच्याशी बोलावयाचे त्याला वगळले तर ‘आम्ही’, त्याला धरले तर ‘आपण’. इंग्रजीत हा भेद शब्दांत नाही. कन्नडातही ‘नावु’ एकच. म्हणून ‘वुई आर गोइंग टु द रिव्हर’ याचे मराठी करताना आधी विचारले पाहिजे की, ऐकणारा नदीवर येणार आहे की घरीच राहणार आहे. मास्तरांनी मग आम्हां कॅथलिक मुलांकडे वळून विचारले, “तुम्ही प्रार्थनेत परमेश्वराला ‘आमच्या बापा’ म्हणता की ‘आपल्या बापा’?” आम्ही म्हणालो, आमच्या. “का?” कोणालाच सांगता येईना, जन्मापासून म्हणत आलो, एवढेच. ते म्हणाले, “ज्याच्याशी बोलता तोच बाप. तो स्वतःचा बाप कसा होईल? म्हणून त्याला बाहेर ठेवून ‘आमच्या’. ज्याने तुमच्या प्रार्थनेचे मराठी केले त्याला मराठी चांगली येत होती.” ही गोष्ट आम्ही त्या वेळच्या आमच्या फादरांना जाऊन सांगितली. ते मोठ्याने हसले आणि पुढच्या रविवारी प्रवचनात त्यांनी ती सांगितली. एका हिंदू शिक्षकाने आपल्या मुलांना शिकविली, असे म्हणून सांगितली. त्या आठवड्यात मास्तरांच्या घरी केकचे एक ताट गेले.

(बरीच वर्षे लोटल्यावर आम्ही हे सदर लिहू लागलो तेव्हा मास्तरांनी निरोप धाडला होता की, “तुमचे ‘आम्ही’ म्हणजे नक्की किती माणसे?” त्याचे उत्तर आम्हांस अद्याप देता आलेले नाही.)

कोणी कुरकुर केली की इंग्रजी परकी आहे, जमत नाही, की मास्तर फादर स्टीफन्सचे नाव काढीत. आमच्या मंडळींना हे नाव देवळात ऐकून माहीत होते. वर्गातील इतरांना प्रथम मास्तरांकडून कळले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी १५७९ साली गोव्यात उतरला, येथील भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. हजारो मराठी ओव्या, त्याही रोमन लिपीत छापलेल्या. “त्याला ना तर्खडकर होते ना सकाळचा वर्ग,” मास्तर म्हणत, “आणि त्याने ओवी रचली. तुम्ही मला पाच ओळींचे पत्र लिहून दाखवा.” मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्यांनी आम्हांस हाताळू दिला आणि सांगितले की, या इंग्रजाला लोक मोलेसरशास्त्री म्हणत. आपण मराठीत आज जे स्वल्पविराम आणि पूर्णविराम देतो त्यांची पद्धत मेजर कँडी याने बसविली आणि १८५० साली त्यावर पुस्तक काढले, हेही त्यांच्याकडूनच समजले. उलट बाजूही ते सांगत. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द आपल्या मुंगुसापासून गेलेला आहे, हे कळल्यावर वर्गात केवढा जल्लोष झाला! कोणी तरी ‘गूस’चे ‘गीस’ होते म्हणून ‘मंगूस’चे ‘मंगीस’ केले. मास्तर म्हणाले, “नाही, ते बदक नव्हे, तो बेळगावचा प्राणी आहे. त्याला साधा ‘एस’ लावा.”

हे सगळे हसतखेळत होई असे वाटल्यास वाचकांचा गैरसमज होईल. मास्तर कडक होते, आणि एका बाबतीत आमच्या मते अन्यायी होते. मंद मुलाला ते वेळ देत, आळशालाही देत. परंतु गाइड पाठ करून आलेल्या मुलावर ते सर्वांदेखत असे काही तुटून पडत की, ते पोर पुन्हा तोंड उघडीत नसे. गाइड घेणाऱ्यांत बहुधा तीच मुले असत ज्यांच्या घरी शिकवायला कोणी नव्हते, ही गोष्ट त्यांना उशिरा समजली. उच्चारांच्या बाबतीत त्यांना कसलाच आव नव्हता. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ त्यांच्या तोंडी सारखेच. “माझा उच्चार शहापूरचा आहे, तो घेऊ नका, रात्री नऊला आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या लावा,” असे ते सांगत. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ती मुले त्यांच्या ओट्यावर बसून ऐकत.

आता तारेची गोष्ट. सरकारने तारखाते २०१३ सालच्या जुलैत बंद केले. आजच्या मुलांना तार म्हणजे काय हेच सांगावे लागते. त्या काळी तार म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी तार म्हणजे बहुधा मृत्यू. गल्लीत तारवाला शिरला की बायका दारात येऊन उभ्या राहत, आणि कोणी तरी पोर मास्तरांकडे धावे. दर शब्दाला पैसे पडत, म्हणून तारेचा मजकूर कसा आटवावा हे ते वर्गात शिकवीत. सारांशलेखनाचा धडा त्यातूनच होई.

१९७१ च्या डिसेंबरात युद्ध चालू असताना आमच्याच गल्लीतील एका बाईंच्या नावे तार आली. त्यांचा थोरला मुलगा फौजेत होता. आम्ही तेव्हा आठवीत होतो; मास्तरांना बोलावून आणण्यास आम्हांसच पिटाळले गेले. ते येईपर्यंत घरात आकांत सुरू झाला होता. कोणी मेणबत्तीही लावली होती. मास्तरांनी उभ्यानेच कागद दोनदा वाचला, मग बाईंच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, “बाई, आधी ऐका. यात मरणाचा शब्द नाही. यात ‘मिसिंग’ असा शब्द आहे. म्हणजे पलटणीला तो अजून सापडलेला नाही. एवढेच लिहिले आहे. याहून जास्त नाही आणि कमीही नाही.” शेजारच्या एकाने म्हटले, म्हणजे जिवंत आहे ना? मास्तर म्हणाले, “तसेही लिहिलेले नाही.”

पुढच्या आठवड्यात वर्गात त्यांनी ‘डेड’, ‘लॉस्ट’ आणि ‘मिसिंग’ हे तीन शब्द फळ्यावर लिहिले. कोणाच्या घरचे नाव काढले नाही. भाषांतर करणाऱ्याने आपल्या पदरचे दुःख त्यात घालू नये आणि पदरची आशाही घालू नये, इतके सांगून त्यांनी फळा पुसला. तो मुलगा परत आला नाही. काही महिन्यांनी सरकारी लिफाफा आला. तोही मास्तरांनीच वाचला आणि त्यात होते तेच सांगितले. बाई त्यानंतर बरीच वर्षे जगल्या. पहिल्या तारेनंतरचे ते महिने आपल्याला खोट्यात काढावे लागले नाहीत, असे त्या म्हणत.

याच सुमाराचा एक हलका प्रसंग सांगावासा वाटतो. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. आम्ही तेव्हा दहावीत. पत्रलेखनाच्या तासाला पत्त्यात राज्याचे नाव काय लिहावे यावरून वर्गात भांडण पेटले. ज्या गावाने १९५६ पासून सीमेचा वाद घरोघरी सोसला त्या गावातील मुले ती. प्रत्येकाचे बाप-काका मोर्चाला जाऊन आलेले. मास्तरांनी बोलू दिले. आवाज फार चढला तेव्हा फळ्यावर नुसते ‘बेळगाव ५९०००१’ लिहिले. पिनकोड आदल्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून सुरू झाला होता. “पत्र पोहोचणे हा पत्त्याचा हेतू. पोस्टमनला एवढे पुरते. आता मजकुराकडे वळा. तुमच्या मजकुरात सहा चुका आहेत.” मास्तर स्वतः सीमाप्रश्नावर कोणत्या मताचे होते हे आम्हांस ठाऊक आहे, परंतु वर्गात ते कोणालाही कळले नाही.

त्यांनी आपली तिन्ही मुले मराठी माध्यमात घातली. इंग्रजीचा मास्तर आणि पोरे मराठी शाळेत, याचे लोकांस नवल वाटे. कोणी विचारले तर म्हणत, “भाषांतर करायचे कशातून? एक भाषा तरी पुरती यावी लागते.” यावर आमच्याच धर्मग्रामातील एका भगिनीने त्यांना तोंडावर विचारले होते, “मास्तर, तुमचे ठीक आहे, तुमच्या घरात पुस्तके आहेत. आमच्या मुलाला घरी इंग्रजी कोण देणार? शाळेनेच दिले पाहिजे.” मास्तर गप्प बसले. त्यांना उत्तर सुचले नाही असे आम्हांस त्या वेळी वाटले. पुढे ते स्वतःच म्हणाले की, बाईंचे बरोबर होते, आणि आपलेही चुकीचे नव्हते. मराठी शाळांच्या तुकड्या घटत गेल्या त्या अशाच बरोबर म्हणणाऱ्या आईबापांमुळे. त्यांना दोष देण्यास आम्ही धजत नाही. आमची स्वतःची नातवंडे इंग्रजी शाळेतच जातात, आणि आजोबा काय लिहितात ते त्यांना वाचून दाखवावे लागते. आमच्या वर्गणीदारांपैकी किती घरांत हीच स्थिती आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

निवृत्तीनंतर मास्तरांनी जे केले ते म्हणूनच आम्हांस त्यांच्या सगळ्या नोकरीपेक्षा मोठे वाटते. त्यांच्या ओट्यावर शनिवारी संध्याकाळी पुन्हा वर्ग भरू लागला, परंतु उलटा. गल्लीतील इंग्रजी शाळांत जाणारी मुले येत आणि मास्तर त्यांना इंग्रजीतून मराठी शिकवीत. तर्खडकरांचे तेच दोऱ्याचे पुस्तक, पण आता इंग्रजी बाजूकडून वाचलेले. ‘आय हॅव अ ब्रदर’ हे त्या मुलांना येत होते. ‘मला भाऊ आहे’ हे त्यांना नवे होते. एका मुलीने ‘माझ्याकडे भाऊ आहे’ असे लिहिले तेव्हा मास्तरांनी ते खोडले नाही, तिला विचारले, “उसना आणला आहेस का?” ती मुलगी आमच्या धर्मग्रामातील. आज ती देवळात मराठी वाचन करते, आणि कागदावर रोमन अक्षरांत लिहून न घेता करते.

शेवटच्या वर्षात त्यांची दृष्टी गेली, तरी वर्ग चालू होता. मुलांनी वाचावे आणि त्यांनी ऐकावे. स्वल्पविरामाला कोणी थांबले नाही तर खाटेवरून बोट वर होई. डिसेंबरात आम्ही भेटीस गेलो होतो तेव्हा एक दहा वर्षांचे पोर त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत होते. मथळ्यात ‘आम्ही’ होते. मास्तरांनी त्याला थांबवून विचारले, “यात मी आहे का रे?” पोराने थोडा विचार करून सांगितले, “नाही.” मास्तर म्हणाले, “शाबास, पुढे वाच.”

ज्या बाईंना १९७१ साली तार आली होती, त्यांच्या कन्येने येत्या रविवारी सकाळच्या मिस्सेत मास्तरांसाठी प्रार्थना ठेवली आहे. मास्तरांच्या चिरंजीवांसही निरोप गेला आहे आणि ते सहकुटुंब येणार आहेत. मास्तरांच्या माजी विद्यार्थ्यांनी पुढील बाके त्यांच्यासाठी मोकळी ठेवावीत.

शनिवारचा वर्ग तूर्त दोघी माजी विद्यार्थिनी त्याच ओट्यावर घेणार आहेत, वेळ संध्याकाळी पाच. ज्यांना मुले पाठवावयाची आहेत त्यांनी खुशाल पाठवावी. फी पूर्वी नव्हती, आताही नाही. वही मात्र दुरेघी असावी.